राज्य कुणावर होतं?

३ फेब्रुवारी

दोरा,

तुझं पत्र मिळालं. सदतीस वर्षांनी, आणि तेही चॅनलच्या 'छोट्या दोस्तांची पत्रं' या खोक्यातून. तिथे पत्रं उघडायला बसवलेल्या मुलीने पाकिटावर 'वय?' असं लिहिलं होतं आणि आत छापील उत्तर टाचून ठेवलं होतं: 'तुझं पत्र वाचून आम्हाला खूप खूप मज्जा आली!' ते तुझ्याकडे जायच्या आत मी काढून घेतलं. एवढं एक सत्कृत्य माझ्या हातून झालं.

पत्र तीन वाक्यांचं. शाळेतही तू निबंध असेच लिहायचीस. बाई म्हणायच्या, हिच्या तोंडातून शब्द काढायचा तर सांडशी लागते. 'आई रोज चार वाजता तुझं कार्टून बघते. ती बटणला विसरली होती, आता तिला बटण आठवली आहे. त्या दिवशी राज्य कुणावर होतं?' खाली सही नाही. तुझा 'ळ' अजून तसाच पोटावर पडलेला आहे, म्हणून पाकिटावरच्या पत्त्यावरूनच कळलं.

आता कार्टूनबद्दल. हो, 'सुई, दोरा, बटण' माझंच आहे. जिन्याखाली खेळणाऱ्या तीन मुलींची गोष्ट, अठ्ठ्याहत्तर भाग झाले. नावं आपलीच आहेत, तेही कबूल. काकू शिलाई मशीनवर बसून म्हणायच्या, 'ही सुई, तोंड उघडलं की टोचते. ही आमची दोरा, सुई जाईल तिकडे मागून जाते. आणि हे बटण, कधी तुटून कुठे घरंगळेल नेम नाही.' इतकी चांगली नावं आयती पडलेली असताना मी नवी कशाला शोधू? प्रत्येक भागाआधी एक पाटी येते की यातली पात्रं काल्पनिक आहेत. ती वकिलाने लिहून दिली आहे. मालिकेतलं ते एकच वाक्य मी न वाचता मंजूर केलं.

आमची बटण पाच वर्षांची आहे. पहिल्या भागात पाच, अठ्ठ्याहत्तराव्यातही पाच. कार्टूनमध्ये कुणी वाढत नाही. तुझी बहीणही पाचाच्या पुढे गेली नाही, हे मी विसरलेले नाही. तसं तुला वाटू नये.

राज्याचं म्हणशील, तर खरं सांगू? मला नीट आठवत नाही. तू आणि मी अकरा वर्षांच्या. रोज दुपारी लपंडाव, रोज कुणा ना कुणावर राज्य. त्यातला तो एक दिवस वेगळा काढून कसा बघायचा?

सोबत एक पार्सल वेगळं पाठवते आहे. पिशवी आहे, पाण्याची बाटली आहे, टोपी आहे. काकूंना आवडेल. काकूंना माझा नमस्कार सांग, मी कोण ते सांगायची गरज पडली तर मोठी होऊन टीव्हीत गेले असं सांग.

तुझी
सुई


१९ फेब्रुवारी

दोरा,

पार्सल परत आलं. वरच्या कागदावर तुझ्या अक्षरात: 'बाटलीवर काय छापलंय ते वाच.'

वाचलं. बाटलीवर तू आहेस. दोन वेण्या, कपाळावर हात, आणि तोंडाजवळच्या फुग्यात 'अगं बाई, विसरलेच!' हे वाक्य आमच्या दोराचं आहे. प्रत्येक भागात ती काहीतरी विसरते. दप्तर, चप्पल, गॅसवरचं दूध, वाढदिवस. मग कपाळावर हात मारते आणि हे म्हणते. मुलं शाळेत म्हणतात, बायका ऑफिसात म्हणतात, एकदा एक मंत्री सभेत म्हणाले. मला वाटलं होतं तू कुठेतरी दूर असशील, तुझ्या घरात टीव्ही नसेल, किंवा असला तरी तू बातम्या बघत असशील. आपण ज्याचं वाईट केलं तो माणूस नेहमी बातम्याच बघत असतो, असं मनाला पटवणं सोपं जातं.

पार्सलबरोबर आलेलं पत्र मोठं होतं. तुझ्या मानाने तर कादंबरीच. ते मी चार वेळा वाचलं. तू लिहितेस की काकूंची आठवण जाऊन सहा वर्षं झाली. आधी शेजारणीचं नाव गेलं, मग रस्ता, मग मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा ते. आणि एक दिवस बटण गेली. दुसरी मुलगी होती, ती तशी गेली, हे सगळंच पुसलं गेलं. तू सकाळी चष्म्याच्या कारखान्यात काचा घासतेस, दोनला घरी येतेस, आणि चार वर्षं काकू तुला बघून नुसत्या हसायच्या. 'चव्वेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा आई मला बघून हसली,' असं लिहिलंयस. पुढे एक ओळ खोडली आहे. मी ती उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला नाही. केला, पण वाचता आली नाही.

मग तू नसताना काकूंना सांभाळणाऱ्या बाईंनी वेळ जावा म्हणून टीव्ही लावला. पडद्यावर पिवळ्या झग्यातली बटण आली. त्या झग्याला पाठीवर चार बटणं सारखी आणि पाचवं वेगळं, निळं. काकूंकडे पिवळं संपलं होतं तेव्हाचं. हे जगात फक्त तीन माणसांना माहीत होतं आणि त्यातल्या एकीने ते चित्रकाराला सांगितलं. मला त्याचा फार अभिमान होता गं. मुलाखतीत सांगायचे मी, बारकावे महत्त्वाचे.

आता काकू रोज चार वाजता ताठ बसतात. साडेचारला मालिका संपली की तुझ्याकडे वळून विचारतात, 'बटण कुठाय? विसरलीस ना?' रोज. तुझ्याच वेण्यांच्या बाहुलीने अर्धा तास आधीच सांगितलेलं असतं की तू विसरतेस, मग त्यांनी दुसरं काय विचारावं?

ही सवय तुला कशी चिकटली ते सांगते. चॅनलवाल्यांबरोबर पहिली बैठक. मुलांच्या मनाचे तज्ज्ञ म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना स्वतःला मूल नव्हतं पण दोन पदव्या होत्या. ते म्हणाले, 'प्रत्येक पात्राला एक सवय हवी, त्याशिवाय मुलं धरून ठेवत नाहीत. सुई?' मी म्हटलं, फटकळ. 'बटण?' लपून बसते. 'दोरा?'

मी म्हटलं, विसरते.

विचार करून नाही. तोंडातून गेलं. इतकं सहज गेलं की मलाच वाटलं, हे मी पूर्वी कधीतरी कुणाला तरी सांगितलेलं आहे.

आज इथेच थांबते, हात दुखतोय. हात दुखत नाहीये. पण थांबते.

सुई


६ मार्च

दोरा,

राज्य माझ्यावर होतं.

पंधरा दिवस हे वाक्य टेबलावर होतं. खाली काहीतरी लिहावं म्हणून रोज बसत होते आणि चहा करायला उठत होते. आता लिहिते. मध्ये विनोद आला तर सोडून दे, सवय आहे.

मी जिन्याच्या भिंतीकडे तोंड करून पन्नास मोजले. तू पहिल्यांदा सापडलीस, कोळशाच्या पोत्यांमागे, तुझी वेणी बाहेर होती. तेवढ्यात काकूंनी वरून हाक मारली. गिऱ्हाइकाचा झगा पोचवायचा होता. तू जाता जाता माझ्या दंडाला धरून म्हणालीस, 'बटण अजून लपलीय. तिला शोध आणि घरी आण. हाक मारल्याशिवाय ती यायची नाही, मी तिला तसं सांगितलंय.' मी म्हटलं, 'बरं.' तू म्हणालीस, 'नक्की?' मी म्हटलं, 'बरं म्हटलं ना!'

तू सांगितलं होतंस. दोनदा. तुला आता आठवत नाही असं तू लिहितेस. तुला जे आठवतं ते लोकांनी तुझ्या डोक्यात भरलेलं आहे. म्हणून मी लिहून देते. सांगितलं होतंस.

मी शोधलं नाही. मला बटणचा वैताग आला होता. कुठेही जा, ती मागे. तुला गुपित सांगावं तर ती मध्ये. मला वाटलं, बसू दे लपून, कंटाळली की येईल. आणि मी घरी गेले. पाय धुतले, चित्रं काढत बसले. आई म्हणाली, 'खेळ लवकर संपला आज?' मी म्हटलं, 'संपला.'

संध्याकाळी तुझे बाबा जिन्यात आले. 'सुई, बटण कुणाबरोबर होती?' मी म्हटलं, 'दोराबरोबर. खेळ केव्हाच संपला. दोरा तिला न्यायला विसरली असेल.'

तू समोर उभी होतीस. म्हणालीस, 'मी हिला सांगितलं होतं.' मी म्हटलं, 'नाही.' माझी आई म्हणाली, 'ही तर केव्हाची घरात आहे.' ते खरंच होतं. तू परत म्हणालीस, 'सांगितलं होतं मी.' तिसऱ्यांदा म्हणाली नाहीस. तुझ्या बाबांनी तुझ्याकडे बघितलं, तेव्हा.

आता जे आहे ते कुणालाच माहीत नाही. माझ्या आईला संशय आला असावा. तिने पुढे कधी विचारलं नाही, आणि एकदा वेणी घालताना नुसतं म्हणाली, 'तू कुठे काही बोलायला जाऊ नकोस.' सगळे बटणला हाका मारत फिरत होते तेव्हा मी जिन्यातच उभी होते. फ्रिजवाल्याच्या आवारात मोडके फ्रीज पडलेले असायचे, जुने, बाहेरून कडी बसणारे. बटण कधी कधी तिथे लपते हे मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं, 'कुणाला सांगू नको हं.' मी तेव्हा म्हणू शकले असते की आवारात बघा. पण खेळ केव्हाच संपला असं सांगून झालं होतं. संपलेल्या खेळात कुणी अजून लपलेलं कसं असेल? म्हणून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवाल्याने सुट्या भागांसाठी दार उघडलं.

संध्याकाळी शोधलं असतं तर ती वाचली असती का, हे मी कुणाला विचारलं नाही. आजही विचारू नये असं वाटतं. तूही विचारू नकोस.

वर्षभराने शाळेच्या नळावर तू मला म्हणालीस, 'मी कशी गं विसरले तिला?' तुझा चेहरा खरा होता. तेव्हाही मी पाणी प्यायले आणि वर्गात गेले. पुढच्या महिन्यात तुम्ही घर सोडलंत.

मी येते आहे. काकूंना माझ्या तोंडाने सांगते. त्यांना कळेल तोवर सांगते. वीस तारखेला.

सुई


२८ मार्च

दोरा,

परत येऊन पाच दिवस झाले. तू दार उघडलंस, वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, 'चपला बाहेर काढ.' सदतीस वर्षांनी पहिलं वाक्य. मी प्रवासात चार भाषणं तयार केली होती, त्यातलं एकही चपला काढण्यापासून सुरू होत नव्हतं.

मग तू म्हणालीस, 'केस पांढरे झाले तुझे.' मी म्हटलं, 'तुझेही.' तू म्हणालीस, 'माझे चोविसाव्या वर्षी झाले. मुलगा बघायला आला होता, आईने त्याच्या आईला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की हिच्या हातात लेकरू देऊ नका.'

काकू खिडकीशी होत्या. 'कोण गं ही?' 'सुई, आई.' 'काहीतरीच. सुई एवढी थेरडी?' तू हसलीस. मीही हसले. मला वाटलं, जमेल.

जमलं नाही. मी काकूंच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, व्यवस्थित, क्रमाने, माझी चूक सुटी करून पुढे ठेवली. काकूंनी त्यातलं एकच घेतलं. 'बटण गेली? गेली म्हणजे? कधी? मला कसं कुणी सांगितलं नाही?' आणि मांडीवर हात फिरवायला लागल्या, टाचणी पडली की शिवणाऱ्या बायका शोधतात तशा. राज्य कुणावर होतं हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. तिथपर्यंत यायला वाटेत बटणचं मरण ओलांडावं लागतं आणि त्या तिथेच कोसळल्या.

दुसऱ्या दिवशी काही आठवत नव्हतं. साडेचारला परत, 'दोरा, बटण कुठाय? विसरलीस ना?' आणि मी शहाणी, परत पायाशी बसले. परत सांगितलं. परत बटण गेली.

तिसऱ्या दिवशी तू दारात आडवी उभी राहिलीस. 'बस झालं.'

'पण त्यांना कळायला हवं की तू...'

'कळतंय तिला. रोज नव्याने कळतंय. तू सांगतेस, तुला मोकळं वाटतं, तू धर्मशाळेतल्या खोलीवर जाऊन झोपतेस. मी तिला धरून बसते. काल नखं लावलीन मला.' बाही वर करून दाखवलीस. 'तुझ्या खरेपणाची ही किंमत. मला नको तो. तो खोटेपणा बरा होता, निदान त्यात बटण जिवंत होती.'

मी दारातून मागे सरले. माझं तोंड चालतं म्हणून मला लोक बोलावतात.

टीव्हीवर चार वाजता मालिका लागली तशी तू रागाने आवाजच बंद केलास. बटण आली, काकूंचा चेहरा उजळला. त्या दिवशी साडेचारलाही तुझ्याकडे वळून कुणी काही विचारलं नाही. पण बघताना काकू अस्वस्थ. 'बोलत का नाहीत गं या?' मग तू शेजारी बसून स्वतःच बोलायला लागलीस, काहीही, 'चला खेळू या, चला फिरू या.' काकूंनी तुला चापटी मारली. 'ओठ एक, बोल एक. गबाळं काम.' आयुष्यभर दुसऱ्यांची शिवण उसवणारी बाई, तिला टाका चुकलेला कळणारच.

मला पोचवायला खालपर्यंत आलीस. म्हणालीस, 'त्या ओठांना बसेल असं दुसरं काही लिहून देता येतं का? मी शेजारी बसून वाचीन.'

येतं. आयुष्यात मला तेवढं एकच येतं.

सुई


१५ एप्रिल

दोरा,

सोबत भाग एक ते सहाची पानं, आणि जुन्या सगळ्या भागांची तबकडी; चार वाजता चॅनलऐवजी तीच लाव.

कसं वाचायचं ते सांगते. आमच्या पात्रांना तोंडं फक्त सात असतात. मिटलेलं, अर्धं, आ, ओ, दात दिसणारं, जीभ दिसणारं आणि हसणारं. तीच आळीपाळीने लावतात. ओठ मिटतात तिथे प, फ, ब, भ नाहीतर म आला की ऐकणाऱ्याला बाकी सगळं बसल्यासारखं वाटतं. मी तसे शब्द घातले आहेत आणि त्यांच्याखाली रेघ मारली आहे. रेघ चुकवू नकोस, बाकी थोडं मागेपुढे चालेल. मिनिट आणि सेकंद डाव्या बाजूला आहेत. जो बोलत नाही तो हलत नाही, हा आमच्याकडचा नियम आहे, तेवढी चित्रं काढायची वाचतात. त्यामुळे कोण बोलतंय याचा घोळ होणार नाही.

दोरा आता काही विसरत नाही. जिथे कपाळावर हात मारते तिथे तिला डास चावतो. सहा भागांत अकरा डास झाले आहेत. काकूंनी विचारलं तर खिडकीला जाळी लावून घ्यायला सांग.

मूळ मालिकेतूनच ते वाक्य काढायला लावावं म्हणून मी बैठक मागितली होती. मिळाली. मी म्हटलं, 'दोराला दुसरी सवय द्या.' साहेब म्हणाले, 'कोणती?' मी म्हटलं, 'शिंकते.' ते म्हणाले, 'शिंक बाटलीवर कशी छापणार?' मग कारण विचारलं. मी खरं कारण सांगितलं, तुला सांगितलं तसंच, फ्रीजसकट. साहेबांनी हातातला फोन उलटा ठेवला. मला वाटलं, माणसं आहेत. मग एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, 'किती आतून आलंय हे! याचा एक तासाचा विशेष भाग होईल.'

मी उठले. राजीनामा दिला म्हणायचं, पण चहा यायच्या आत तो मंजूरही झाला, तेव्हा कुणी कुणाला सोडलं कोण जाणे. नावं, वेण्या, झगा, निळं बटण, सगळं त्यांचं आहे. मी सही करून दिलेलं आहे. नवे भाग दोन तरुण लेखक लिहिताहेत, हुशार आहेत, आणि त्यांची दोरा दर दोन मिनिटांनी विसरते.

तेव्हा बाहेर ते चालूच राहणार. तुझ्या घरातल्या त्या अर्ध्या तासापुरतंच माझं चालतं.

सुई


२ जून

दोरा,

तू विचारलंस, तीस भाग झाले, एकतिसावा का येत नाही? तुझ्या पत्रात एक चांगली बातमीही होती, की काकू आता साडेचारला 'कुठाय' एवढंच विचारतात, 'विसरलीस' म्हणत नाहीत. पण तुझ्याकडे बघणं तसंच आहे, असंही लिहिलंयस. शब्द गेले, नजर राहिली.

एकतिसावा भाग लपंडावाचा आहे. तू तो नक्की बघितला असशील. दोरा बटणला लपवते आणि विसरून घरी जाते. सुई, हुशार आणि प्रेमळ सुई, एकटी सगळं घर पालथं घालते आणि बटणला कपाटात झोपलेली शोधून काढते. मग कपाटापुढे उभी राहून दोराची टिंगल करते, सगळ्या खदखदून हसतात. या भागाला बक्षीस मिळालं. स्टेजवर मी म्हणाले की हा माझ्या बालपणातून आलाय. टाळ्या वाजल्या. मी टाळ्या संपेपर्यंत थांबले.

दोन आठवडे या भागापाशी अडले होते. काकूंना खरं सांगायचं तर बटण मरते, आणि बटणला ठेवायचं तर खरं सांगता येत नाही, असं मी धरून चालले होते. मग आवाज बंद करून हा भाग परत परत बघितला, तेव्हा दिसलं की इथे दोन्ही होतं. बटण कपाटातून जिवंत बाहेर येते. तिच्याशेजारी उभं राहून सुईचे ओठ वीस सेकंद हलतात. ते वीस सेकंद मी टिंगलीत घालवले होते.

आता तिथे हे वाच. घाई करू नकोस:

'राज्य माझ्यावर होतं. दोराने मला सांगितलं होतं, बटणला शोध आणि घरी आण. मी शोधलं नाही. मी कंटाळून घरी गेले. आणि सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी दोराचं नाव घेतलं.'

'घरी गेले'नंतर थोडी जागा उरते, तिथे तिची पापणी लवते. थांब तिथे.

मग बटण डोळे चोळत विचारते, 'मी जिंकले?' ते वाक्य मुळातलंच आहे. मला बदलता आलं नाही.

हे तुला मोठ्याने वाचावं लागेल, माझ्या जागी 'मी' म्हणून. नको वाटलं तर पान फाडून टाक, मी डास घालून दुसरं पाठवते.

सुई


१९ जून

दोरा,

तुझं पत्र काल आलं. परत छोटं झालंय, पण पुरे आहे.

तू वाचलंस. 'मी' म्हणताना आवाज फुटला, तरी रेघा चुकल्या नाहीत. काकू पडद्याकडे बघत म्हणाल्या, 'त्या सुईबरोबर उद्यापासून खेळायचं नाही. खोटं बोलते मेली.' आणि तुझ्या तोंडाकडे बघून, 'तू जेवलीस का गं?' तू हातातली पानं घेऊन तशीच बसलीस, म्हणून त्यांनी परत विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यातलं काही उरलं नव्हतं, असं लिहिलंयस. भाग आठवत नाही, कपाट आठवत नाही. पण आता त्या तुझ्याकडे तशा बघत नाहीत. आणि पडद्यावर सुई आली की अंग आखडून घेतात. 'ही नको.' का नको ते त्यांना सांगता येत नाही. सुई बोलायला लागली की उठून आतल्या खोलीत जातात, आणि मग बटणचा तेवढा भाग हुकतो.

शेवटची ओळ: 'तू येऊ नकोस. पानं पाठव.'

बरं. येत नाही.

सोबत बत्तीस ते चाळीस. सुईची वाक्यं मी सगळी काढली आहेत. ज्या गोष्टी तिच्याशिवाय पुढे सरकत नव्हत्या त्या तुला आणि बटणला वाटून दिल्या, तुमचे ओठ पुरले. सुईचं चित्र काही मला पुसता येत नाही. ती मध्येच येईल, हात नाचवील, तिचं तोंड उघडेल आणि मिटेल. तिथे डाव्या बाजूला सेकंद लिहिलेले आहेत आणि उजवी बाजू कोरी आहे. पान सुटलंय असं समजू नकोस. तेवढा वेळ काही वाचायचं नाही.